टायटॅनियमचं भांडं आणि पाच जणांचा चहा

नाही, मला काय वाटलं होतं ते आधी ऐका, म्हणजे काय निघालं ते ऐकताना तुमच्याही पोटात तुटेल... मला वाटलं होतं, मी सगळ्यांच्या आधी वर पोचेन, धाप न लागता, हसत, आणि माझ्या मागोमाग एकेक जण पाठीवर पिसासारखी बॅग घेऊन येईल, बाबा तर गुडघ्याला हातसुद्धा न लावता येतील, मग प्रत्येक जण आपापलं चिमुकलं भांडं काढेल, पाच बर्नरवर पाच भांडी सूं सूं करतील, आणि नोलीनमावशी डोळे पुसत म्हणेल, 'ब्रायोनी, पोरी, इतकी वर्षं आम्ही उगाच हमाली केली गं!' हे वाटलं होतं मला! आणि निघालं काय? निघाला एक बिडाचा तवा! पावणेदोन किलोचा! आणि कुठून निघाला विचारा... विचारा ना... माझ्या स्वतःच्या बॅगेतून!

थांबा, असं मधूनच नको, नीट सांगते.

मी स्वीडनला होते पाच वर्षं. वस्तूंची रचना शिकत होते, म्हणजे एखादी वस्तू कशी असावी, का असावी, आणि मुळात असावीच का, हे. तिकडे माणसं डोंगरात जातात ना, तर टूथब्रशची दांडी अर्धी कापून नेतात. हसू नका! मीही पहिल्यांदा हसले होते, मग मीही कापली. चार ग्रॅम वाचतात. चार ग्रॅम इथे, चार ग्रॅम तिथे, आणि बघता बघता बॅग निम्मी! आणि मला तिकडे बसल्या बसल्या सारखे डोळ्यांसमोर कोण यायचे? आमच्या रीफ्टन गावच्या डोंगरभटक्या क्लबातले हे सगळे! साठी-सत्तरीची माणसं, गुडघ्याएवढ्या नद्या तुडवत निघालीत, आणि पाठीवर काय? तर बिल्या! बिली म्हणजे दुसरं काय हो, ॲल्युमिनियमचा डबा आणि त्याला तारेची कडी. क्लबाच्या तीन आहेत, एकीत एक बसणाऱ्या... थोरली, मधली, धाकटी. आणि सोबत तो बिडाचा तवा. बाहेरून सगळ्या कोळशासारख्या काळ्या, कारण काजळी घासायची नाही असा नियम! का? तर काळ्या बिलीत पाणी लवकर तापतं! थोरलीत तर आठ लिटर पाणी मावतं. तिला एका बाजूने पोचा आहे, तोही कोणी ठोकून काढू देत नाही, का, तर तो कुठल्याशा पुरात पडलाय. पोच्याचा मान ठेवणारी माणसं आहेत ही, माणसाचा ठेवतील का?

तर मी परत आले. का आले? नोकरी होती तिकडे, चांगली होती. पण आईचा फोन आला, की बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टर म्हणालेत, 'मर्व्हिन, पाठीवर सात किलोच्या वर एक रुमालसुद्धा ठेवायचा नाही. नाहीतर डोंगर विसरा.' आता तुम्हीच सांगा, डोंगर विसरून माझे बाबा काय करणार? टोमॅटो लावणार? मी ठरवलं, क्लबाचंच वजन उतरवायचं. बाबांचा डोंगर सुटू द्यायचा नाही. बस्स. एवढं साधं, एवढं उदात्त... आणि त्याचं या लोकांनी काय केलं बघा.

क्लबाच्या सभेत उभी राहिले मी. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन. आधी थोरली ठेवली काट्यावर, काटा गेला शेवटाला. मग मी माझं भांडं ठेवलं. टायटॅनियम! साडेपाचशे मिलिलिटर, दांड्या मुडपतात, झाकण घट्ट बसतं, वजन एकशे तीन ग्रॅम. अकरा आठवडे शोधलं होतं मी ते! ॲल्युमिनियम का नको, स्टील का नको, आतून लेप दिलेलं का नको, तळ रुंद हवा की अरुंद... सगळं सांगितलं. चाळीस मिनिटं. पडद्यावर चित्रं दाखवली. म्हटलं, पुढच्या शनिवारी स्लेटी ओढ्याच्या हटवर, म्हणजे डोंगरातल्या त्या मुक्कामाच्या खोपटावर, जातोय ना आपण, जुनी भांडी क्लबाच्या शेडमध्येच राहू देत, प्रत्येकाला हे एकेक भांडं मी देते, माझ्यातर्फे, वापरून बघा, आणि मग काय ते ठरवा. कोणाला काही हरकत?

एक शब्द नाही! तुम्हाला सांगते, एक शब्द नाही! नोलीनमावशी... ही आमची अध्यक्ष, एकाहत्तर वर्षांची, अजून कमरेएवढ्या पाण्यातून पुढे हीच जाते... तिने भांडं हातात घेतलं, बोटाने टिचकी मारली, आणि म्हणाली, 'छान आहे हं.' डेसकाका, अख्खा जन्म खाणीत काढलेला माणूस, त्याने ते उजेडात धरलं, म्हणाला, 'छान आहे हं.' राविरी, आमच्या शाळेचा मास्तर, माझ्याहून चारच वर्षांनी मोठा, तो तरी? 'छान आहे हं, ब्रायोनी!' आणि बाबा... बाबांनी तर माझ्या पाठीवर थोपटलं! मला सांगा, पाच वर्षं बाहेर राहिलेल्या मुलीने याचा अर्थ काय घ्यायचा? स्वीडनमध्ये एखाद्याला भांडं आवडलं नाही तर तो म्हणतो, आवडलं नाही. आणि लिहून कळवतो, कारणांसकट. आमच्याकडे? आमच्याकडे समोरच्याचं मन मोडायचं नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण. तोंडावर नाही म्हणणं म्हणजे पाप! मग तोंडावर काय म्हणायचं? 'छान आहे हं.' आणि घरी जाऊन करायचं आपल्या मनासारखं. मी विसरले होते हो. पाच वर्षांत विसरले. चूक माझीच.

शनिवार उजाडला. निघण्यापूर्वी घरी मी बॅग काट्याला लावली, सहा किलो आठशे ग्रॅम. जेवणासकट! व्हॅनमध्ये सगळ्यांच्या बॅगा मागे टाकल्या, गाडीरस्ता संपला तिथे उतरलो, चावऱ्या माश्यांनी नेहमीसारखं स्वागत केलं, डेसकाकाने बॅगा काढून एकेकाच्या हातात दिल्या... तो स्वतःहून काढत होता, मला वाटलं, काय हा माणूस, या वयातही किती तत्पर! आणि निघालो. झुलता पूल झाला, बीच झाडांचं जंगल लागलं, चढ लागला. आणि मला ती बॅग जड लागायला लागली. खरं सांगते, मला शरम वाटली! म्हटलं, सहा किलो आठशे, आणि तू हाशहुश करतेस? पाच वर्षं पाव आणि चीज खाऊन मऊ झालीस गं तू! त्या शरमेपायी मी अजून भराभर चढले, आणि पहिली पोचले.

आता पहिलं पोचणं म्हणजे काय, ते आमच्याकडे साधं नाही. हटवर जो पहिला पोचतो त्याने स्वतःची बॅग उतरवायची, चूल पेटवायची आणि पाणी ठेवायचं. मागून येणाऱ्यांसाठी. आणि मागून येणारा दारात उभा राहिला, की त्याने पाठीवरचं ओझं उतरवायच्या आधी त्याच्या हातात चहाचा कप द्यायचा. 'चहा घेणार का?' असं विचारायचं नाही, विचारणं म्हणजे अपमान! नुसता द्यायचा. माझ्या लहानपणापासून बघत आलेय. बाबा नेहमी पहिले पोचायचे, मी लहान होते, शेवटी रडत रडत पोचायचे, आणि दारात तो कप मिळायचा...

तर माझी पाळी! मी बर्नर काढला, भांडं काढलं, पाणी भरलं. साडेपाचशे मिलिलिटर. पावणेतीन मिनिटांत उकळलं! तिथे असतात तर तुम्हीही टाळ्या वाजवल्या असत्या. आणि मग मी त्या उकळत्या पाण्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदा... अकरा आठवड्यांत पहिल्यांदा... माझ्या डोक्यात आलं, की यात दोन कप चहा होतो. दोन. आणि माझ्या मागे माणसं चार.

बरं, ओतायला गेले, तर दांडी ही एवढी तापलेली! बोट भाजलं. तेवढ्यात दारातून एक वेका आत शिरला. वेका म्हणजे आमच्याकडचा कोंबडीएवढा चोर पक्षी, चकाकतं दिसलं की उचलतो. माझा टायटॅनियमचा चमचा घेऊन गेला! सतरा ग्रॅम! मी 'ए, ए!' करत त्याच्यामागे बाहेर धावले, आणि समोर राविरी उभा.

त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे चुलीकडे बघितलं. चूल थंड. बॅग उतरवली आणि तिच्यातून काढली एक किटली! पितळेची तोटी, एवढं मोठं पोट! म्हटलं, 'राविरी, हे काय?' म्हणतो, 'आत्याची आहे.' म्हटलं, 'कोणाची का असेना! आणि मी दिलेलं भांडं?' तर म्हणतो, 'ते ना... ते वर्गात आहे. पोरांच्या पेन्सिली फार छान मावतात.' मास्तर! शिकलेला माणूस! म्हटलं, 'सभेत का नाही बोललास?' म्हणतो, 'तू चाळीस मिनिटं बोललीस, ब्रायोनी. चित्रंपण होती. एवढं केल्यावर कसं बोलायचं?'

दहा मिनिटांनी नोलीनमावशी. येताना तिच्या बॅगेतून खण्‌ण्‌ असा आवाज. मी तो आवाज ओळखते, झोपेतसुद्धा ओळखेन. मधली आणि धाकटी! 'मावशी! तू? तू अध्यक्ष आहेस!' तर ती माझ्यावरच डाफरली, 'तूच बोलू नकोस! गुरुवारी मी शेडमध्ये गेले तर थोरली गायब! फेकून दिलीस ना? साठ वर्षांची बिली ती! मी घरी येऊन रडले. म्हटलं, निदान या दोघी तरी वाचवूया पोरीच्या तावडीतून.' अहो, मी थोरलीला हात लावला नव्हता! शेडची किल्ली माझ्याकडे आहे असं मला वाटत होतं. मला काय माहीत, दुसरी किल्ली विटेखाली असते आणि ते अख्ख्या रीफ्टनला ठाऊक आहे!

'आणि माझं भांडं, मावशी?'

'त्यात जिरेनियमची फांदी लावलीय. छान धरलीय हं.'

मग डेसकाका आला. हात हलवत, शीळ घालत. मला वाटलं, चला, एक तरी निघाला सच्चा! एक तरी मर्द! मी म्हटलं, 'काका, तू तरी हलका आलास ना?' तर म्हणाला, 'हो तर! एकदम हलका.' आणि इकडेतिकडे बघत म्हणतो, 'ब्रायोनी, बाळा, तुझ्या बॅगेत पाठीच्या बाजूला जरा हात घाल बघू.'

घातला. तवा! वर्तमानपत्रात गुंडाळलेला, माझ्या पाठीला चिकटून, सहाशे मीटर चढ! 'काका!!' तर तो शांतपणे म्हणतो, 'काय करणार, शुक्रवारी शेडमध्ये गेलो तर एवढाच शिल्लक होता. माझी बॅग भरलेली. तुझी बघितली तर अर्धी रिकामी. हलकं सामान ना तुझं!' ऐकलंत? ऐकलंत तुम्ही? मी टूथब्रशची दांडी कापून जी जागा केली, त्या जागेत या माणसाने तवा घातला! 'आणि तुझं भांडं कुठाय?' 'नातीकडे. बाहुल्यांना आंघोळ घालते त्यात.' वर पुन्हा, 'वस्तू छान आहे हं, नाही असं नाही.'

गंमत म्हणजे यांचं एकमेकांशी संगनमतही नव्हतं. तेवढं असतं तरी परवडलं असतं. प्रत्येकाला वाटत होतं, बाकी सगळे बिचारे पोरीचं ऐकणार, तेव्हा आपण एकट्यानेच गुपचूप काहीतरी घ्यावं, म्हणजे उपाशी राहायला नको! परिणाम काय? या क्लबाच्या इतिहासात इतकी भांडी कधी कोणी वर नेली नव्हती! लग्नाची पंगत उठली असती!

पण थोरली? थोरली कुठे?

आम्ही चौघं ओट्यावर आलो. बाबा अजून यायचे होते. जंगलातून बाहेर पडले तेव्हा मला ओळखू येईनात, इतके वाकून चालत होते. दोन पावलं, थांबणं. दोन पावलं, थांबणं. हात गुडघ्यावर. नोलीनमावशी हळूच म्हणाली, 'अरे देवा, मर्व्ह...' आणि तिला कळलं. मलाही कळलं. बॅग मागून गोल फुगली होती.

थोरली! आत स्लीपिंग बॅग कोंबलेली, कपडे कोंबलेले, बटाटे कोंबलेले! मी काटा आणला होता, लटकवायचा, चव्वेचाळीस ग्रॅमचा. लटकवली बाबांची बॅग. अकरा किलो दोनशे!

आता सांगते, तवा मी गिळला असता. पेन्सिली गिळल्या असत्या, बाहुल्यांची आंघोळसुद्धा. पण बाबा? ज्यांच्यासाठी मी स्वीडनहून आले, ज्यांच्या गुडघ्यासाठी अकरा आठवडे घालवले, त्यांनी? पाठीवर थोपटलं होतं त्यांनी माझ्या! मी ओरडले. सगळ्यांसमोर ओरडले. 'बाबा, सात किलो सांगितलेत ना डॉक्टरांनी? गुडघा गेला तर? पुन्हा कधीच येता येणार नाही, कळतंय का तुम्हाला? आणि एवढंच करायचं होतं तर मला तोंडावर सांगायचं, की पोरी, तुझं भांडं मला नको! एकदा तरी, या गावात एकदा तरी कोणीतरी कोणालातरी तोंडावर सांगा!'

बाकीचे तिघं एकदम चुलीत लाकडं घालायला गेले. तीन माणसं, एक चूल.

बाबा पायरीवर बसले. बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिले, सुटलेली होती तरी. मग म्हणाले, 'तोंडावर सांगू? सांगतो. मी आता शेवटी पोचतो, ब्रायोनी. पूर्वी पहिला पोचायचो, आता शेवटी पोचतो. ज्याच्या बॅगेत आपलाच रुमाल आणि आपलेच मोजे, असा म्हातारा मागे राहिला, तर लोक दोनदा थांबतील. तिसऱ्यांदा म्हणतील, मर्व्ह, या खेपेला तू घरीच थांब, जरा दमशील. चांगल्या मनानेच म्हणतील. पण ज्याच्या पाठीवर सगळ्यांचं जेवण आहे ना, त्याच्यासाठी थांबावंच लागतं.'

आणि मग, अगदी हळू, 'तुझं भांडं एकट्याचं आहे गं, बाळा. चांगलंय, पण एकट्याचं.'

तेवढ्यात राविरी कप घेऊन आला, आत्याच्या किटलीतला, आणि बाबांच्या हातात दिला. विचारलं नाही. मग मलाही दिला. मी घेतला. त्या संध्याकाळी थोरलीत मटणाचा रस्सा झाला, वरून पिठाचे गोळे सोडलेले. मधलीत वाटाणे, धाकटीत गोल्डन सिरपचं वाफवलेलं पुडिंग, आणि तव्यावर सॉसेजेस. मी तीनदा घेतलं. रागाने घेतलं! राग एकीकडे, भूक एकीकडे. चमचा अर्थात उसना, माझा वेक्याच्या घरी.

सकाळ झाली. त्या दिवशी खिंड ओलांडून पलीकडच्या हटवर जायचं होतं, म्हणजे पुन्हा चढ, कालच्याहून मोठा. बाबा सगळ्यांच्या आधी उठून गुपचूप थोरलीत स्लीपिंग बॅग कोंबत बसलेले. मी गेले, सगळं बाहेर काढलं आणि थोरली माझ्या बॅगेला बाहेरून बांधली. काजळीसकट, माझ्या स्वच्छ, राखाडी, नऊशे ग्रॅमच्या बॅगेला! बाबा म्हणाले, 'अगं पण...' त्यांचा चेहरा इतका पडला, काल मी त्यांच्यावर ओरडले तेव्हासुद्धा एवढा पडला नव्हता.

म्हटलं, 'ऐका. थोरली यापुढे मी नेणार. ठरलं. पण चहापत्ती आणि काडेपेटी तुमच्याकडे. सगळी चहापत्ती. एक चिमूटसुद्धा दुसऱ्या कोणाकडे नाही, आणि बर्नरपण बंद. मी वर जाऊन आठ लिटर पाणी भरून बसेन, पण तुम्ही येईपर्यंत चूल पेटणार नाही आणि चहा होणार नाही. आता बघू कोण तुम्हाला घरी थांब म्हणतं ते!'

बाबा नाडी बांधायला लागले. बांधलेलीच होती.

डेसकाका मागून म्हणाला, 'पण चहापत्ती ओली नाही का होणार? पुढे तीनदा नदी आहे.' खरंच की! कागदी पुडा तो. सगळे इकडेतिकडे बघायला लागले, काय आहे, कशात ठेवायची... आणि मग मीच, माझ्या हाताने, ते काढलं. अकरा आठवडे, एकशे तीन ग्रॅम. पुडा त्यात उलटा केला. चहापत्ती अगदी नेमकी बसली, वर काडेपेटी, वर झाकण. नोलीनमावशीने ते हातात घेतलं, कानाजवळ नेऊन हलवलं, झाकण ओढून बघितलं, निघेना. तिचा चेहरा फुलला.

म्हणाली, 'अगं, मग सभेत नीट सांगायचं नाही का! आम्हाला वाटलं, यात स्वयंपाक करायचाय!'